चालू झालं, पण बंद का पडलं होतं?

विमानाचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली सगळ्यांना ठाऊक असते. नट ढिला राहिला, झाकण लावायचं राहिलं, एका भागाच्या जागी दुसराच बसला. दुसरी चूक जरा लबाड आहे. तिच्यात हात चुकत नाही, तर्क चुकतो. इंजिन तक्रार करतं, माणूस काहीतरी बदलतो, तक्रार थांबते आणि बिघाड सापडला असं तो समजतो. बिघाड असतो तिथेच, फक्त थोडा वेळ गप्प झालेला.

गेले काही महिने विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचायचा नाद लागलाय. (प्रवासाच्या आदल्या रात्री तरी वाचू नकोस, असं घरच्यांचं म्हणणं आहे, आणि ते बरोबरच आहे.) वाचता वाचता एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. आपल्या सातारा-सांगलीकडे विमान म्हणजे लांबचं प्रकरण, त्यासाठी पुणं नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. पण इंजिन आपल्याला मुळीच लांबचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती १९१० साली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं तयार व्हायला लागली. पुढे वीज येईपर्यंत कृष्णा-वारणेच्या काठची कितीतरी शेती विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या जिवावर पिकली. त्यामुळे इंजिनाचा मिस्त्री हा आपल्याकडे जवळजवळ वैद्याइतकाच मानाचा माणूस.

आणि तो वैद्यासारखाच निदान करायचा. धूर काळा आला तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. निळा आला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा बघा. पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर पाणी शिरलंय. इंजिन मध्येच बंद पडलं की बहुतेक वेळा डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असायची. मिस्त्री नट सैल करून एअर काढायचा, हँडल मारायचा, इंजिन धडधडायला लागायचं. "झालं! चालतंय की!" चहा घेऊन स्वारी पुढच्या मळ्यावर.

आता यात कळीचा प्रश्न राहून गेलेला असतो. हवा शिरली कुठून? नळीला बारीक चीर असेल, वॉशर खराब झाला असेल, टाकीच तळाला गेली असेल. एअर काढणं हा इलाज खरा, पण निदान नव्हे. तरीही आपल्या मिस्त्रीचं चालून जायचं, कारण इंजिन तेच, मिस्त्री तोच. आठ दिवसांनी परत बोलावलं की त्याला मागचं सगळं आठवायचं, आणि मग तो वॉशर बघायचा. लॉगबुक त्याच्या डोक्यात असायचं. चूक झालीच तर पाण्याची एक पाळी चुकायची, माणूस मरत नसे.

विमानाच्या बाबतीत यातलं काहीच खरं नाही. आज रात्री मुंबईत एकाने बघितलेलं इंजिन उद्या दुबईत दुसराच माणूस बघतो, परवा दिल्लीत तिसरा. डोक्यातलं लॉगबुक तिथे निरुपयोगी असतं.

विमान-इंजिनांच्या दुरुस्तीचा एक धागा आपल्या भागातल्या एका नावाशीही जोडलेला आहे. सांगलीच्या वालचंद कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. स्वप्न विमानं बनवण्याचं होतं. पण महायुद्ध पेटलेलं. १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा ताबा घेतला, १९४३ पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या कामाला लागला, आणि मुख्य काम झालं ते विमानं आणि इंजिनं खोलून, तपासून, पुन्हा जुळवण्याचं. म्हणजे आपल्याकडच्या विमान उद्योगाचा पाया नव्या बांधणीइतकाच दुरुस्तीनेही घातला.

आता त्या अहवालांकडे वळतो. सुरुवात मुंबईपासून.

१२ ऑक्टोबर १९७६. इंडियन एअरलाइन्सचं कॅरव्हेल जातीचं विमान रात्री सांताक्रूझहून मद्रासला निघालं. उड्डाणानंतर लगेच उजवं इंजिन फुटलं. वैमानिकांनी विमान वळवून परत आणायचा प्रयत्न केला, पण आग पसरत गेली, नियंत्रण सुटलं आणि धावपट्टी हाताशी आलेली असताना विमान कोसळलं. विमानातले सगळे, ९५ माणसं गेली. चौकशीत कारण सापडलं ते कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातल्या चकतीला पडलेली भेग.

ही भेग काय असते? इंजिनातली चकती मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि त्या वेगाने तिचं प्रत्येक कण बाहेर पळू बघतं. दर उड्डाणाला धातू ताणला जातो, उतरल्यावर सैल होतो. तार सारखी वाकवली की तुटते, तसाच धातू थकतो. कुठेतरी केसाएवढी भेग पडते आणि दर उड्डाणागणिक तसूतसूने वाढते. गंमत (खरं तर भीषण गंमत) अशी, की इतका काळ इंजिन कुठलीच तक्रार करत नाही. आवाज ठीक, तापमान ठीक, धूर ठीक. आणि एक दिवस चकतीचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे कवच फोडून बाहेर पडतात. वाटेत इंधनाची नळी आली की आग.

कान आणि डोळे हे मिस्त्रीचे दोन मोठे आधार, ते इथे उपयोगाचे नाहीत. म्हणून अशा चकत्यांचं आयुष्य उड्डाणांच्या संख्येत मोजतात. मोजणी संपली की धडधाकट दिसणारी चकतीही काढून टाकायची. आणि मधल्या काळात चांगलं चालणारं इंजिनही ठरावीक वेळाने उघडून बघायचं.

पण चांगलं इंजिन उघडलं की नवाच घोळ सुरू होतो.

५ मे १९८३. अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एक विमान मायामीहून नासाऊला निघालं, आत १७२ माणसं. या इंजिनांच्या ऑइलमध्ये एक लहान चुंबक बसवलेला असतो. आतला एखादा भाग झिजायला लागला तर लोखंडाचा कीस त्या चुंबकाला चिकटतो आणि बिघाड आधीच कळतो. कल्पना छान! आदल्या रात्री हे चुंबक तिन्ही इंजिनांतून काढून नवे बसवले गेले. एरवी ते ज्या कपाटातून मिळायचे तिथे त्यांना रबरी ओ-रिंगा आधीच लावलेल्या असायच्या. त्या रात्री ते कपाटात नव्हते म्हणून स्टोअरमधून आणले, आणि त्यांना रिंगा नव्हत्या. तिन्ही इंजिनांतून ऑइल गळून गेलं.

त्या अहवालातला मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग कॉकपिटमधला आहे. तिन्ही इंजिनांचं ऑइल संपल्याचं काटे दाखवत होते, आणि त्या अनुभवी माणसांना वाटलं की काटेच बिघडलेत. का वाटू नये? तीन वेगळ्या इंजिनांचं ऑइल एकाच वेळी संपेल ही शक्यता लाखात एकही नाही. हिशोब बरोबर होता. पण इंजिनं तीन असली तरी आदल्या रात्रीचे हात तेच होते. वेगवेगळं वाटणारं तिथे एक झालं होतं. नशिबाने, आधीच बंद केलेलं एक इंजिन पुन्हा चालू झालं आणि विमान मायामीला उतरलं. कुणालाही काही झालं नाही.

धडा सोपा होता: एकाच पाळीत एकाच माणसाने सगळ्या इंजिनांना हात लावू नये. तरी २३ फेब्रुवारी १९९५ ला इंग्लंडमध्ये जवळजवळ तेच घडलं. ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७ च्या दोन्ही इंजिनांत रात्री दुर्बिणीने तपासणी झाली. काम एकाने सुरू केलं, दुसऱ्याने हातात घेतलं, मध्ये मध्ये व्यत्यय येत राहिले. दोन्ही इंजिनांवरची एकेक झाकणं परत लावायची राहिली, आणि शेवटी इंजिन चालवून बघणंही राहिलं. सकाळी उड्डाण झालं, ऑइल गळायला लागलं, विमान ल्यूटनला उतरवावं लागलं. बिघाड शोधायची तपासणीच बिघाड होऊन बसली.

'मध्ये मध्ये व्यत्यय' हे शब्द या अहवालांमध्ये इतक्या वेळा येतात की विचारू नका. १९८३ च्याच जुलैमध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ हवेत असताना इंधन संपून एका जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरलं, ती गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पौंड आणि किलोचा घोळ झाला, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण मुळात हाताने इंधन मोजायची वेळ का आली? इंधन दाखवणाऱ्या यंत्राच्या दोन वाहिन्यांपैकी एक बिघडली होती. एका तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की बिघडलेली वाहिनी बंद ठेवली तर काटे नीट चालतात. त्याने तिचा सर्किट ब्रेकर ओढून त्यावर पट्टी चिकटवली. पुढच्या विमानतळावर दुसऱ्याने स्वतःची चाचणी करायला तो ब्रेकर परत आत दाबला, तेवढ्यात लक्ष दुसरीकडे गेलं, आणि तो तसाच राहिला. काटे कोरे झाले. पहिल्याचा इलाज हुशारीचा होता, दुसऱ्याची शंका रास्त होती. दोघांच्या मध्ये जो दुवा हवा होता तो फक्त पुरता पोचला नाही.

आता परत त्या लबाड चुकीकडे, तक्रार थांबली म्हणजे बिघाड सापडला या समजाकडे. याचं सगळ्यात दुःखद उदाहरण दुरुस्तीच्या शेडमधलं नाही, हवेतलं आहे. ८ जानेवारी १९८९, इंग्लंडमधलं केगवर्थ. विमानाच्या डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं. हादरे, धूर. वैमानिकांनी उजव्या इंजिनाची शक्ती कमी केली आणि हादरे आणि धूर कमी झाले! झालं, उजवंच बिघडलंय अशी खात्री पटली आणि चांगलं इंजिन बंद केलं गेलं. खरं तर स्वयंचलित नियंत्रण सुटल्यामुळे डावं इंजिन तात्पुरतं शांत झालं होतं. उतरताना ते पूर्ण गेलं, ४७ माणसं मेली.

केगवर्थ जगभरच्या वैमानिकांना शिकवलं जातं. तरी २१ जून २०१७ ला दिल्लीहून मुंबईला निघालेल्या गोएअरच्या विमानात उड्डाणाच्या वेळी एका इंजिनात पक्षी शिरला, आणि वैमानिकांनी दुसरं, चांगलं इंजिन बंद केलं. चूक लक्षात आली, विमान दिल्लीला सुखरूप परतलं. घाईच्या क्षणी माणसाला उत्तर हवं असतं, आणि पहिलं हाताशी येईल ते उत्तर तो घट्ट धरून ठेवतो. अठ्ठावीस वर्षांत यंत्रं बदलली, हे बदललं नाही.

गळतीचं पण असंच. ऑइल इंजिनाचा मिस्त्रीसुद्धा सांगेल की तेल जिथे टपकताना दिसतं तिथे गळती नसते, ते नळीवरून ओघळत भलतीकडे येतं. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं विमान टोरांटोहून लिस्बनला चाललं होतं. आठवड्याभरापूर्वी त्याचं उजवं इंजिन बदललेलं. बदली म्हणून आलेलं इंजिन थोडं जुन्या घडणीचं होतं, त्यामुळे जुन्या इंजिनाचे काही भाग काढून त्याला लावले. दोन नळ्या नको तितक्या जवळ आल्या, घासल्या, इंधनाची नळी फाटली. काम करणाऱ्यांपैकी मुख्य माणसाच्या मनात शंका आली होती. पण संगणकावर हवी ती माहिती उघडेना, आणि विमान वेळेत द्यायचं होतं. हवेत एका बाजूचं इंधन कमी दिसायला लागल्यावर वैमानिकांना तो संगणकाचा घोटाळा वाटला, आणि त्यांनी चांगल्या बाजूचं इंधन गळक्या बाजूला सोडलं. दोन्ही इंजिनं बंद पडली. १९ मिनिटं तरंगत विमान अझोर्सच्या बेटावर उतरलं. ३०६ माणसं वाचली.

मुंबईतही ४ सप्टेंबर २००९ ला एअर इंडियाच्या रियाधला निघालेल्या जंबोला धावपट्टीकडे जाताना आग लागली. पंखाखाली इंजिन ज्याला लटकवलेलं असतं त्या भागातून इंधन गळून पहिल्या क्रमांकाच्या तापलेल्या इंजिनावर पडलं होतं. दोनशेच्या वर प्रवासी घसरगुंड्यांवरून बाहेर पडले, सगळे वाचले. हीच आग पाच-दहा मिनिटं उशिरा, समुद्रावर लागली असती तर काय झालं असतं, हा विचार मी करायचं टाळतो.

दुरुस्ती म्हणजे फक्त हँगरमधली असंही नाही. २०१६ पासून भारतात आलेल्या ए-३२० निओ विमानांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांत सुरुवातीपासून कुरबुरी होत्या. कारखान्याने एक सील सुधारून नवं बसवलं, आणि त्या सुधारलेल्या सीलमुळेच इंजिनं हवेत बंद पडायला लागली. मार्च २०१८ मध्ये डीजीसीएने इंडिगो आणि गोएअरची मिळून ११ विमानं जमिनीवर उतरवली. पुढे याच कंपनीच्या इंजिनांकडे बोट दाखवत मुंबईच्या गो फर्स्टने (म्हणजे पूर्वीच्या गोएअरने) मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवली, ती कायमचीच. एका सीलवर सगळं खापर फोडण्यात अर्थ नाही. पण जगातले उत्तमोत्तम इंजिनिअरसुद्धा एक तक्रार मिटवताना दुसरी जन्माला घालू शकतात, हे खरं.

हे सगळं वाचून निराश व्हायला हवं, पण मी झालो नाही. कारण हे आपल्याला कळलं कसं? कुणीतरी सांगितलं म्हणून. रिंगा नव्हत्या, झाकण राहिलं, ब्रेकर मीच दाबला, हे त्या त्या माणसांनी चौकशीत कबूल केलं म्हणून. १९९०च्या दशकात बोइंगने दुरुस्तीतल्या चुका तपासायची एक पद्धत तयार केली. तिचा पहिला प्रश्न चूक कुणाची हा नसून ती करणं त्या रात्री सोपं का झालं, हा असतो. कॅनडातल्या गॉर्डन ड्यूपाँ यांनी १९९३ मध्ये चुकीच्या बारा कारणांची यादी केली. थकवा, व्यत्यय, साहित्याची कमतरता, दबाव, ठामपणे न बोलणं वगैरे. हँगरच्या भिंतीवर लागणारी ही बारा नावं आपल्या कुठल्याही ऑफिसात शोभतील.

त्यातलं 'ठामपणे न बोलणं' आपल्याकडे जरा जास्तच लागू पडतं. साहेबांनी "झालं का?" विचारलं की "झालं साहेब" हेच उत्तर द्यायची सवय. "चालू झालंय, पण कशामुळे बंद पडलं होतं ते कळलेलं नाही," असं म्हणायला छाती लागते. विमान-दुरुस्तीच्या नोंदीत मात्र हे वाक्य फार मोलाचं आहे. तक्रार आली, तपासलं, बिघाड सापडला नाही. अशा तीन नोंदी एकाखाली एक आल्या की चौथ्या माणसाला कळतं, की इथे काहीतरी गप्प बसलेलं आहे. पहिल्याने खोटंच "पार्ट बदलला, ठीक" असं लिहून टाकलं असेल तर चौथा आंधळा. आणि प्रामाणिक नोंद करणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी नोटीस मिळाली, तर तिसरी नोंद कधी होणारच नाही.

आपणही तसे वेगळे नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, २६० माणसं गेली, आणि संध्याकाळच्या आत आपल्या सगळ्यांच्या फोनवर कारण पोचलं होतं. एक नव्हे, दहा कारणं. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात एवढंच होतं, की उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. का गेले, ते त्या अहवालाने सांगितलं नाही. मला त्या न सांगण्याचा आदर वाटला. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना उत्तर हवंच, पण ते हाताशी आलेलं पहिलं नको, खरं हवं.

असो. बरंच लांबलं. आपल्या नात्यात एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य काढलेले दोघे-तिघे आहेत, आणि वाचणाऱ्यांपैकीही कुणी कारखान्यात, कुणी हँगरमध्ये असेल. तुमच्याकडे एक पाळी संपून दुसरी येताना अर्धवट कामाची नोंद कशी व्हायची? वहीत, फळ्यावर, की चहाच्या टपरीवर तोंडी? आणि "सापडलं नाही" असं कुणी लिहिलं तर वरचे काय म्हणायचे? जरूर कळवा, मला खरंच ऐकायचंय.